मांजराला भूल द्यायची आहे: तारीख घेण्यापासून टाके निघेपर्यंत

नसबंदी असो, सडलेले दात काढायचे असोत, मूत्राशयातला खडा असो की तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून पडून मोडलेला पाय, मांजराला पूर्ण भूल द्यावीच लागते. जागेवर थोडं बधिर करून काम भागेल असं हे जनावर नाही. भूल देणं हे डॉक्टरांचं काम, पण तिच्या आधीचे आणि नंतरचे तास घरातल्या माणसांच्या हातात असतात.

ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात भूल दिलेल्या हजारो मांजरांची पाहणी झाली होती. त्यात निरोगी मांजरांपैकी साधारण ९०० मागे एक भुलीशी संबंधित कारणाने दगावलं. आजारी मांजरांत हेच प्रमाण ७० मागे एक होतं. शस्त्रक्रिया आटोपल्यानंतर जी दगावली, त्यातली निम्म्याहून जास्त पहिल्या तीन तासांतच गेली. म्हणून दोन गोष्टींना सर्वांत जास्त वेळ द्या: लपलेला आजार आधी शोधणं आणि शुद्धीवर येणाऱ्या मांजरावर नजर ठेवणं.

१. तारीख घेण्याआधी

इंदूरमध्ये खासगी दवाखाने बरेच आहेत. काम गुंतागुंतीचं असेल तर महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालयही आहे. ते शहरापासून साधारण २५ किलोमीटरवर आहे, सकाळची गर्दी धरून तासभर हातात ठेवा. दवाखाना कोणताही असो, हे प्रश्न विचारायला संकोच करू नका:

- भूल फक्त इंजेक्शनवर की पुढे गॅसवर? बोक्याची नसबंदी काही मिनिटांची असते, तिथे इंजेक्शन चालून जातं. अर्ध्या तासाच्या वरचं काम असेल तर गॅस बरा, कारण तो कमी-जास्त करता येतो.
- ऑक्सिजन आणि श्वासनलिकेत घालायची नळी टेबलाशी तयार असते का?
- पायाच्या शिरेत सलाईनची सुई आधीच लावून ठेवतात का? रक्तदाब पडल्यावर मांजराची बारीक शीर सापडत नाही.
- ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांशिवाय श्वास, नाडी आणि ऑक्सिजनचं प्रमाण बघायला दुसरं माणूस असतं का?
- अंग गरम ठेवायची सोय काय आहे?
- मांजर डोकं उचलून बसेपर्यंत तिथेच ठेवून घेतात का? रात्री काही झालं तर कोणता फोन उचलला जातो?

शेवटच्या प्रश्नाला ‘लगेच घेऊन जा, घरी येईल शुद्धीवर’ असं उत्तर मिळालं तर दुसरा दवाखाना बघा. पैसे वाचत असले तरी बघा. खर्चाचा अंदाज घेताना रक्ततपासणी, औषधं, गळ्यातला कोन (जखम चाटू नये म्हणून घालायची कॉलर) आणि टाके काढणं त्यात धरलंय का, तेही विचारून घ्या.

तारीख सोमवार ते गुरुवारची आणि सकाळची घ्या. शनिवारी ऑपरेशन झालं आणि रविवारी टाक्यातून पाणी आलं तर धावाधाव होते. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तेव्हा राजवाड्याच्या बाजूचे रस्ते बंद असतात आणि अनंत चतुर्दशीला झांक्या, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुका, रात्रभर चालतात, ते दिवस टाळा. दिवाळीच्या आठवड्यात फटाक्यांनी बिथरलेलं मांजर ताज्या टाक्यांसकट कपाटावर उडी मारतं. आणि ऑपरेशननंतर २४ तास घरात एक मोठं माणूस हजर असेल असाच दिवस निवडा.

नसबंदीसाठी आणखी काही. मांजरी माजावर असेल, म्हणजे लोळत, मागचा भाग उचलत, रात्रभर ओरडत असेल, तर गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढलेला असतो आणि रक्तस्राव जास्त होतो. डॉक्टर थांबायला सांगू शकतात, त्यामुळे हे आधी सांगा. व्यायलेली असेल तर पिल्लं सुटून दूध आटू द्या. बोक्याच्या बाबतीत दोन्ही अंडकोष खाली उतरलेत का ते डॉक्टरांकडून हाताने तपासून घ्या, कारण एक पोटातच राहिला असेल तर पाच मिनिटांचं काम पोट उघडण्यावर जातं. लहान पिल्लांत तर नर-मादीच चुकीची ओळखलेली असते, आणि ते टेबलावर कळण्यात अर्थ नाही.

बोका वारंवार मातीच्या ट्रेमध्ये बसून कण्हतोय आणि थेंबही येत नाही, अशी वेळ असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि तसेच निघा. तुंबलेल्या लघवीमुळे रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडू शकतं. तिथे ना उपास, ना तारीख.

२. तपासण्या: कुठे पैसे घालायचे

तरुण, धडधाकट मांजराच्याही किमान एवढ्या तपासण्या व्हाव्यात: हिमोग्लोबिन आणि पीसीव्ही (रक्तात लाल पेशींचा वाटा किती), पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि युरिया, यकृतासाठी एसजीपीटी, साखर, एकूण प्रोटीन. भुलीची बरीच औषधं यकृत आणि मूत्रपिंडातून बाहेर पडतात. केटामाइन हे भुलीचं इंजेक्शन तर मांजरात मुख्यतः मूत्रपिंडावाटेच जातं, त्यामुळे क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर मांजर तासन् तास झिंगलेलं राहतं.

पीसीव्ही साधारण ३० ते ४५ टक्के असावा. पिसवांनी भरलेल्या पिल्लात तो फार खाली गेलेला सापडतो. याकडे दुर्लक्ष करू नका, कारण मांजरात कुणालाही चालेल असा रक्तगट नाही आणि चुकीचं रक्त पहिल्याच वेळी जीवघेणं ठरू शकतं. ऐनवेळी रक्त मिळवणं फार अवघड. आधी पिसवा, जंत आणि आहार यांचा बंदोबस्त करा, मग ऑपरेशन.

रिपोर्ट वाचताना दोन ठिकाणी घाबरायचं नाही. मांजराच्या प्लेटलेट गुठळ्या करून बसतात आणि मशीन त्या कमी मोजतं, तेव्हा आकडा फार कमी आला तर काचपट्टीवर पाहून घ्यायला सांगा. दुसरं, भीतीने मांजराची साखर २०० च्या वर सहज जाते. एका रिपोर्टवरून त्याला मधुमेह ठरवू नका.

सात वर्षांच्या वरच्या मांजराला रक्तदाब, थायरॉइड आणि छातीचा एक्स-रे हवा. डॉक्टरांना हृदयाच्या ठोक्यांत कुरकुर ऐकू आली तर भुलीआधी हृदयाचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार मांजरांत बराच आढळतो आणि वरून काही कळत नाही. घरच्या घरी एक करता येतं: मांजर गाढ झोपलेलं असताना छातीचा एक चढ-उतार म्हणजे एक श्वास, असे मिनिटभर मोजा. ३० च्या आत ठीक. रोज त्याहून जास्त येत असतील तर डॉक्टरांना सांगा.

पर्शियन मांजर असेल तर मूत्रपिंडांची सोनोग्राफी करून घ्यावी असं आम्ही आग्रहाने सांगू. या जातीत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आजार आनुवंशिक आहे. शिवाय चपट्या नाकामुळे नळी काढल्यानंतर श्वास अडखळतो, म्हणून त्यांना दवाखान्यात जास्त वेळ ठेवायला लागतं.

लसी, म्हणजे तीन आजारांची एकत्र लस आणि रेबीजची, निदान दोन आठवडे आधी पूर्ण करा, कारण दवाखान्यात आजारी मांजरंही येतात. शिंका, वाहणारे डोळे, खोकला असेल तर तारीख पुढे ढकला.

३. आठवडाभर आधी: पिंजऱ्याची सवय आणि घरातली आवराआवर

ट्रॅव्हल बास्केट कडक प्लास्टिकची आणि वरचं झाकण सुटं होणारी घ्या. झाकण काढलं की घाबरलेल्या मांजराला ओढून काढावं लागत नाही, खालच्या भागात बसल्या बसल्याच तपासता येतं. ती माळ्यावरून ऑपरेशनच्या सकाळी खाली उतरवणं ही नेहमीची चूक आहे. आठवडाभर आधी ती दार उघडं ठेवून मांजराच्या आवडत्या कोपऱ्यात ठेवा, आत त्याचंच जुनं पांघरूण घाला, आणि रोजचं जेवण आधी दाराशी, मग आत द्या. चौथ्या-पाचव्या दिवशी दार मिनिटभर लावून पाहा.

नखं दोन दिवस आधी कापा. लांब केसांच्या मांजराच्या पोटावरच्या गुठळ्या विंचरून सोडवा, कात्री लावू नका, पातळ कातडी सहज कापली जाते. आंघोळ घालायची तर चार दिवस आधी. ओल्या अंगाने गेलेलं मांजर भुलीत जास्त गार पडतं.

४. डॉक्टरांपासून काहीही लपवू नका

चालू असलेलं प्रत्येक औषध, मात्रा आणि शेवटची वेळ कागदावर लिहा. होमिओपॅथीच्या गोळ्या, आयुर्वेदिक सिरप, मानेवर टाकलेलं पिसवांचं औषध, सगळं. स्टिरॉइड चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका, पण सांगा, कारण त्यासोबत मेलॉक्सिकॅमसारखं वेदनाशामक दिलं तर पोटात व्रण होऊ शकतात. इन्सुलिन घेणाऱ्या मांजराचा सकाळचा डोस आणि उपास दोन्ही वेगळे ठरतात, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. आधीच्या भुलीत काही त्रास झाला असेल तर तोही सांगा.

दवाखान्यात फार घाबरणाऱ्या मांजराला डॉक्टर गॅबापेंटिन हे शांत करणारं औषध लिहून देतात. ते साधारण निघण्याच्या दोन-तीन तास आधी द्यायचं असतं. वजनावर मात्रा ठरते आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर ती कमी करतात, म्हणून शेजाऱ्यांकडची उरलेली कॅप्सूल वापरू नका.

५. आदली रात्र: उपास

भूल दिली की गिळण्याची आणि खोकण्याची प्रतिक्रिया बंद होते. पोटात अन्न असेल तर ते उलटून घशात येतं आणि फुप्फुसात उतरतं. त्यातून होणारा न्यूमोनिया शस्त्रक्रियेपेक्षा भयंकर असतो. नुसतं आम्ल वर आलं तरी अन्ननलिका भाजून पुढे आकसू शकते.

पण जास्त उपास म्हणजे जास्त सुरक्षित, हा गैरसमज काढून टाका. मोठ्या निरोगी मांजराला साधारण सहा ते आठ तास पुरतात. चार महिन्यांच्या आतलं किंवा दोन किलोच्या आतलं पिल्लू रात्रभर उपाशी ठेवलं तर त्याची साखर पडते, अंग गार पडतं, आणि ते भुलीतून उठत नाही. त्याला दोन ते चार तास पुष्कळ होतात. म्हणून पिल्लाचा नंबर सकाळी पहिला लावून घ्या. पाणी सहसा घरातून निघेपर्यंत चालतं.

इथे बरेच दवाखाने हिंदीत फक्त ‘खाली पेट लाना’ एवढं सांगतात. त्यावर फोन ठेवू नका. अन्न किती वाजता बंद, पाणी किती वाजेपर्यंत, ऑपरेशन नेमकं किती वाजता, हे तीन आकडे विचारून लिहून घ्या. आठचं सांगून दोनला घेणार असतील तर सगळा हिशेब बदलतो.

उपास मोडतो तो बहुतेक वेळा मायेने. आजी पहाटे उठतात, मांजर पायात घोटाळतं, आणि सवयीने बशीभर दूध दिलं जातं. दूध म्हणजे पाणी नव्हे, ते पोटात जेवणासारखंच राहतं. सकाळच्या पोह्यांवरची शेव मुलांच्या हातून पडते. शेजारची मावशी गॅलरीतून पोळीचा तुकडा टाकते. फ्रिजवर मोठ्या अक्षरांत कागद लावा, घरातल्या प्रत्येकाला तोंडी सांगा, आणि दुसरी मांजरं असतील तर त्यांच्याही वाट्या उचला.

रात्री मांजराला एका खोलीत ठेवा, जिथे दिवाणाखाली किंवा कपाटामागे शिरायला जागा नाही. मातीचा ट्रे, पाणी आणि बास्केट आत ठेवा, खिडकीला जाळी असू द्या. बाहेर फिरणारं मांजर रात्री उंदीर किंवा पाल खाऊन येतं आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

एवढं करूनही काही खाल्लं गेलं तर सांगा. काय, किती, किती वाजता. तारीख पुढे जाईल, डॉक्टर कुरकुरतील, सुट्टी वाया जाईल. तरीही सांगा.

६. सोबत काय न्यायचं

- लसीकरणाचं कार्ड आणि सगळे रिपोर्ट, मूळ कागदांसह
- औषधांची आणि शेवटच्या जेवणाच्या वेळेची चिठ्ठी
- दोन जुने टॉवेल: एक बास्केटवर झाकायला, एक येताना अंगाखाली घालायला
- वर्तमानपत्रं किंवा ओलावा शोषणारं पॅड
- मांजराच्या मापाचा कोन
- दिवसभर लागेल असा एक फोन नंबर

वजन दवाखान्यातच, त्याच दिवशी करायला सांगा. तीन किलोच्या मांजरात अर्ध्या किलोची चूक म्हणजे औषधात सहावा हिस्सा फरक.

दुचाकीवर न्यायची वेळ आली तर बास्केट पाठीमागच्या माणसाने मांडीवर दोन्ही हातांनी धरावी. रिक्षा त्याहून बरी. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत निघा आणि बास्केट बंद गाडीत क्षणभरही ठेवू नका.

७. दवाखान्यात

संमतीपत्र वाचून सही करा. त्यात हृदय बंद पडलं तर काय करायचं आणि जास्तीचं काही सापडलं तर किती खर्चापर्यंत पुढे जायचं, हे आधीच ठरवून सांगा. त्या वेळी फोन लागेलच असं नाही.

मांजर ताब्यात घेताना पिंजऱ्याचं दार उघडून स्वतः पाहा. ते हाक मारल्यावर मान वळवतं का? डोकं उचलून धरतं का? मग ओठ वर करून हिरडीवर बोट दाबा: पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा. पुढचं वेदनाशामक किती वाजता, कोणतं आणि किती दिवस, हे लिहून घेतल्याशिवाय निघू नका.

८. घरी, पहिले बारा तास

जमिनीवर अंथरूण, मंद उजेड, शांत खोली. पलंग नको, सोफा नको, झिंगलेलं मांजर उडी मारायला जातं आणि तोंडावर पडतं. केटामाइन दिलेलं असेल तर बाहुल्या मोठ्या दिसतात, डोकं हलतं, चालताना मागचे पाय सरकतात. काही तास हे चालायचंच. कुशीवर पडलेल्या मांजराची मान सरळ ठेवा, नाक पांघरुणात रुतू देऊ नका.

बाहेर ४२ अंश असले तरी भुलीतून आलेलं मांजर गार असतं, त्याला कूलरच्या किंवा एसीच्या झोतात ठेवू नका. त्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. गरम पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून बाजूला ठेवा, अंगाला थेट नको. सरकू न शकणाऱ्या मांजराची कातडी भाजते आणि ते चार-पाच दिवसांनी केस झडू लागल्यावर कळतं.

सरळ चालू लागलं की आधी थोडं पाणी, मग तासाभराने नेहमीच्या जेवणाचा चौथा हिस्सा. तोंडात ड्रॉपरने काहीही घालू नका. घरातलं दुसरं मांजर दवाखान्याच्या वासाने फिसकारेल, २४ तास वेगळं ठेवा.

आणि दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. माणसाची अर्धी गोळीसुद्धा मांजराला मारू शकते, त्याच्या यकृताला ते पचवता येत नाही. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन यांचंही तेच.

९. टाके निघेपर्यंत

टाके १० ते १४ दिवसांनी निघतात, विरघळणारे असतील तरी एकदा दाखवून या. तोपर्यंत कोन गळ्यातच. ‘बिचाऱ्याला दिसत नाही’ म्हणून दहा मिनिटं काढला तरी मांजराची खरखरीत जीभ तेवढ्यात टाका उसवते. जेवताना समोर बसून काढा, जेवण झालं की लगेच घाला.

पहिला आठवडा ट्रेमध्ये रेती किंवा माती नको, ती जखमेला चिकटते. वर्तमानपत्राच्या पट्ट्या घाला. जखमेवर हळद, तूप, डेटॉल काही लावायचं नाही. डेटॉल आणि फिनाईल यांतली फिनॉल जातीची रसायनं मांजराला विषारी असतात आणि ते चाटतंच. त्या खोलीची फरशी साध्या साबणाच्या पाण्याने पुसा.

रोज दोनदा जखम पाहा, शक्यतो त्याच वेळी आणि त्याच उजेडात, फोनवर फोटो काढून. पहिल्या दोन-तीन दिवसांची किंचित सूज आणि लाली चालते, पण ती रोज वाढत असेल तर दाखवा. शी दोन-तीन दिवस झाली नाही तरी चालेल. मात्र यांपैकी काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका:

- हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर
- तोंड उघडं ठेवून श्वास
- टाक्यातून रक्ताची धार, पू, किंवा आतला भाग बाहेर
- २४ तासांत लघवी नाही
- बारा तासांनंतरही गुंगी किंवा सतत उलट्या
- २४ तास काहीच खाल्लेलं नाही

शेवटचा मुद्दा लठ्ठ मांजरात विशेष जपा. दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साठते आणि त्याचं यकृत निकामी होऊ लागतं. कोमट केलेलं ओलं अन्न, चिकनचं मीठ-कांदा-लसूण नसलेलं पाणी, असं काहीतरी वासाचं पुढे करा, आणि तरी तोंड फिरवलं तर डॉक्टरांना फोन.

नसबंदी झालेला बोका महिना-दीड महिना पिल्लं घालू शकतो, तोवर घरातल्या मांजरीपासून वेगळा ठेवा. टाके निघाल्यावर रोजचं खाणं साधारण पाव हिस्स्याने कमी करा आणि दर पंधरा दिवसांनी वजन लिहीत जा.